हार्डविक हॉल: वरच्या मजल्याच्या खिडक्या इतक्या मोठ्या का?

झरोका: इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या हार्डविक हॉल या जुन्या वाड्याचे फोटो पाहत होते. तळमजल्याच्या खिडक्या बेताच्या, त्यावरच्या मोठ्या, सगळ्यात वरच्या तर अवाढव्य. हा नुसता दिमाख की काही हिशोब? आणि एवढी काच घातल्यावर भिंत तगते कशी?

ओळंबा: दिमाख तर आहेच! मालकीण बेस ऑफ हार्डविक, चौथा नवरा वारल्यावर गडगंज झालेली. काम १५९० ला सुरू झालं, १५९७ ला बाई राहायला आल्या. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानतात.
खिडक्यांचा हिशोब मानपानाचा आहे. खाली नोकरचाकर आणि मुदपाकखाना, मधे बाईंचं रोजचं राहणं, वर दरबारी थाटाची दालनं: हाय ग्रेट चेंबर हा दिवाणखाना आणि लाँग गॅलरी हे लांबलचक दालन. पाहुण्याला लांबलचक दगडी जिन्याने वर न्यायचं आणि मग त्या उजेडात सोडायचं. (ज्या राणीवर छाप पाडायची, ती एलिझाबेथ काही तिथे फिरकली नाही.)
भिंतीचं गमक धुराड्यांत. ती बाहेरच्या भिंतींऐवजी आतल्या भिंतींत घेतली, म्हणून बाहेरची बाजू खिडक्यांना मोकळी मिळाली. सहा बुरुजांचाही आधार होत असणार, असं मला वाटतं.

पोटमाळा: खिडक्यांवर कर होता ना तेव्हा?

ओळंबा: तो १६९६ चा, शंभर वर्षांनी. पण काच तेव्हाही चैनीचीच. एकसंध मोठी तावदानं नव्हेत, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले छोटे तुकडे. 'भिंतीपेक्षा काच जास्त' हे लोकांनी उगाच नाही म्हटलं.

झरोका: आणि थंडी? कुडकुडत असतील सगळे.

ओळंबा: असणारच. भिंतींवरचे विणलेले भव्य पडदे शोभेइतकेच उबेसाठीही. बुरुजांच्या माथ्यावर मात्र दगडात कोरलेली 'ई एस' अक्षरं, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी, बेसबाईंचंच नाव, ऊब नाही की निवारा नाही, निव्वळ मिजास.
मला विचाराल तर खरी करामत खिडक्यांत नाही, मधल्या हॉलमध्ये, म्हणजे दारातून शिरल्यावरच्या मोठ्या दालनात आहे. जुन्या घरांत हॉल दर्शनी भिंतीला समांतर आडवा असायचा, त्यामुळे दार एका बाजूला सरकायचं. इथे तो समोरून मागे असा उभा घातला. दार बरोबर मध्यावर आलं, दोन्ही अंगं सारखी झाली. शेजारीच बाईंचाच आधीचा वाडा, ओल्ड हॉल, पडक्या अवस्थेत उभा आहे. त्याची वेडीवाकडी रचना आधी पाहा, मग नव्याकडे वळा.