अनुभव धागा : घड्याळ म्हणतं ठोके वाढले

मुलाने वाढदिवसाला ते मनगटावरचं घड्याळ दिलं तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. वय ५३, राहणार जळगाव. बीपी नाही, साखर नाही. दुपारी जेवून कूलरसमोर आडवी पडते आणि घड्याळ थरथरतं : १४४. छातीत धडधड नाही, दम नाही. आठवड्यात तीनदा झालं. ईसीजी चांगला आला. डॉक्टर म्हणाले, २४ तासांचं होल्टर लावून बघू, म्हणजे छातीला तारा चिकटवून दिवसरात्र ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. तोवर कुणाला असं झालं असेल तर लिहा. सल्ले पुष्कळ मिळाले, स्वतःवर गेलेलं सांगा.

धुळे

ताई, मी पोलीस भरतीची तयारी करतोय. आम्हा पोरांना १६०० मीटर धावायचं असतं. मागच्या महिन्यात गप्पा मारत सावकाश पळत होतो आणि घड्याळात १७६. सोबतच्या मित्राचे १३०. घरी सांगितलं, तर मायने चार दिवस बूटच लपवून ठेवले. मग सरावाच्या सरांनी मिनिटभर माझी पावलं मोजली. उजवा पाय ८८ वेळा पडला. दोन्ही पाय धरले की १७६! घड्याळ पावलंच मोजत होतं. त्याच्या खालचा हिरवा दिवा चामडीतून रक्ताची लाट बघतो. पट्टा सैल असला की हाताचा हिसकाही त्याला लाटच वाटते, असं सरांनी सांगितलं. आता मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधतो. सावकाश पळताना १४० च्या वर जात नाही. मायले आजून पटेल नही.

रावेर तालुका

रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी द्यायला जातो. शेतरस्ता कसा असतो ते सांगायला नको. मोटरसायकलवर रोज १५०, उतरलो की पाच मिनिटांत ८०. गाडीचे हादरे, दुसरं काही नाही. पोराने तर हे घड्याळ एका पिकल्या केळ्याला बांधून बघितलं. ७८ दाखवले! त्या दिवशी ते केळं खायला घरात कुणी तयार होईना.

पण सगळंच खोटं धरू नका. मागच्या मे महिन्यात बांधावर नुसता उभा होतो, ऊन ४५ च्या पुढे, आणि ११८ आले. बोटाने मोजले तर ११६. पुतण्या डॉक्टरकी शिकतोय. तो म्हणाला, काका, अंग गार ठेवायला रक्त चामडीकडे धावतं, वर घामाने पाणी गेलेलं, मग हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. लिंबाखाली बसून तांब्याभर मीठ-साखरेचं पाणी प्यालो. हळूहळू ९० वर आले.

अमळनेर

वरचं वाचून कुणी घड्याळ कोनाड्यात टाकेल, म्हणून लिहिते. माझं घड्याळ खरं बोलत होतं आणि दोन वर्षं मीच त्याला खोटं ठरवलं.

शाळेत पेपर तपासताना एकदम धडधड. मानेतली शीर उडताना शेजारच्या बाईंना दिसायची. घड्याळात १८६. बटण दाबल्यासारखं सुरू, दहा-पंधरा मिनिटांनी बटण दाबल्यासारखं बंद. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ७८. तीन ईसीजी, तिन्ही चांगले. एके ठिकाणी झोपेची गोळी मिळाली. घरात तर ‘पाळी जायचं वय’ हे ठरूनच गेलं होतं. सासूबाईंनी दृष्ट काढली, तीही काढू दिली.

मग दिवाळीत चकल्या पाडताना सुरू झालं ते पाऊण तास थांबेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. दिराने गाडी काढली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा धडधड चालू असताना ईसीजी निघाला. पीएसव्हीटी म्हणे. हृदयातल्या विजेच्या वाटेला जादा फाटा, वीज त्यातच गोल गोल फिरते. शिरेतून इंजेक्शन दिलं. दोन-तीन सेकंद जीव चालला असं वाटलं, आणि पडद्यावर ९०. पुढे नाशिकला जांघेतून नळी घालून तो फाटा जाळला. त्यानंतर एकदाही नाही.

ताई, तुम्हाला धडधड जाणवत नाही, म्हणजे तुमचं वेगळं असू शकेल. तरी होल्टर टाळू नका. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर आकडा बघत बसायचं नाही, गाडी काढायची.

भुसावळ

माझे ठोके मध्येच उसळत नव्हते, सगळेच चढले होते. झोपेत ६२ असायचे ते दोन महिन्यांत ९४. भूक दुप्पट, वजन पाच किलो कमी, हाताला कंप. नवरा म्हणे, डाएट लागू पडलं तुला! थायरॉईड जास्त काम करत होती. गोळ्या सुरू आहेत, आता ७०.

शहादा

दम्याचा पंप घेतला की अर्धा तास ११०. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मीच विसरलो आणि रात्री दोनला भावाला उठवलं.

नंदुरबार

कॉलेजचा एक जिना चढले की १५०. अंगात रक्तच कमी, हिमोग्लोबिन ६.८ निघालं. घड्याळ बिचारं बरोबर होतं.

पुन्हा जळगाव

सगळ्यांची आभारी आहे. रावेरच्या भाऊंचं केळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. काल दुपारी परत १४४ आले. या वेळी मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून पूर्ण मिनिट मोजलं. ७२. बरोबर निम्मे! डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ठोक्याच्या मोठ्या लाटेमागे एक लहान लाट असते, कधी कधी घड्याळ तीही वेगळी धरतं. मग होल्टर रद्द करायचं का, विचारलं. नाही म्हणाले. सोमवारी लागतंय. ते अंगावर असेपर्यंत अंघोळ नाही, आणि जळगावचा मे महिना.