स्टिअरिक ॲसिडच्या मोनोलेयरखाली कॅल्शियम: पीएचने एवढा फरक का पडतो?

पाणकळा:
लँगम्युअर ट्रफवर (पाण्यावर एका रेणूएवढ्या जाडीचा थर, म्हणजे मोनोलेयर, पसरवून सरकत्या पट्टीने, म्हणजे बॅरियरने, दाबायचं भांडं) काम करतेय. नुसत्या शुद्ध पाण्यावर आयसोथर्म (थर दाबत नेताना पृष्ठभागाचं प्रेशर कसं वाढतं त्याचा आलेख) मस्त येतो, २५ मिलिन्यूटन पर मीटरच्या आसपासचं वळण पण दिसतं. खाली १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घेतलं तर फारसं काही बदलत नाही, पण पीएच ९ केला की वळण गायब आणि फिल्म थेट कडक. कॅल्शियम तर दोन्हीकडे तेवढंच आहे ना?

थेंबथेंब:
कॅल्शियम तेवढंच आहे, पण त्याला धरायला वर निगेटिव्ह चार्ज हवा ना. उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच साडेपाचच्या आसपास येतो, तिथे बहुतेक ॲसिडने प्रोटॉन सोडलेलाच नसतो. आणि पुस्तकात पीकेए (ज्या पीएचला निम्म्या ॲसिडने प्रोटॉन सोडलेला असतो तो) ५ च्या जवळ दिसतो म्हणून फसू नका, दाटीवाटीने उभ्या रेणूंपैकी एक चार्ज झाला की शेजाऱ्याला चार्ज होणं जड जातं, त्यामुळे फिल्ममध्ये तो बराच वर सरकतो. पीएच ९ ला चार्ज येतो, एक कॅल्शियम दोन कार्बोक्झिलेट बांधतो, साखळ्या जवळ येतात आणि त्या तिरक्या असलेली फेज राहतच नाही, म्हणून वळणही गायब. कॅडमियम हेच काम कमी पीएचला करतं, म्हणून तर एलबी (लँगम्युअर-ब्लॉजेट, म्हणजे असे थर काचेसारख्या पृष्ठभागावर उचलून घेतलेल्या) फिल्मवाले ते वापरायचे.

पाणकळा:
अच्छा! मग कॅल्शियम किती पुरतं?

उथळपाणी:
हिशोब करून बघा, थक्क व्हाल. एका रेणूला साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर, म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटरवर पंचवीस कोटी अब्ज रेणू, आणि अर्धा लिटर १ मायक्रोमोलर द्रावणात तीस कोटी अब्ज आयन. सगळे चिकटतात असं नाही, पण चार्ज असलेली फिल्म आयन स्वतःजवळ गोळा करते, त्यामुळे पाण्यातली नकळत आलेली अशुद्धी सुद्धा आयसोथर्म बिघडवू शकते. इडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घालून तुलनेसाठी एक ब्लँक नक्की घ्या.

मोनोवेडा:
आयनांपुरतंच नाही हे. प्रोटीन किंवा पेप्टाइड असेल तर ते फिल्मच्या आत घुसतं, बॅरियर थांबवून खाली इंजेक्ट करा, प्रेशर वाढतं. सुरुवातीचं प्रेशर जितकं जास्त तितकी वाढ कमी, ती वाढ ज्या सुरुवातीच्या प्रेशरला शून्य होते तो आकडा काढा. तो ३० मिलिन्यूटन पर मीटरच्या वर आला तर खऱ्या पेशीच्या मेंब्रेनमध्येही ते शिरू शकेल असं मानतात. फक्त नुसतं सॉल्व्हंट इंजेक्ट करून आधी बघा, अल्कोहोलनेही प्रेशर हलतं आणि लोक त्यालाच रिझल्ट समजतात.