मदत हवी आहे: ईएसपी३२ आणि १६×१६ एलईडी मॅट्रिक्स, पॉवर बँकेवर पांढरा रंग लावला की बोर्ड रीसेट होतो

नमस्कार मंडळी,

हातात धरून कुठेही नेता येईल असा सरकत्या अक्षरांचा एलईडी फलक बनवतोय. डब्ल्यूएस२८१२बीचं (प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप असलेले रंगीत एलईडी) १६×१६चं लवचिक पॅनल, ईएसपी३२चा (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) डेव्हलपमेंट बोर्ड आणि १०,००० एमएएचची पॉवर बँक असा संसार आहे. एलईडी चालवायला कोडची लायब्ररी फास्टएलईडी. मजकूर फोनवरून वायफायने पाठवायचा.

लाल अक्षरं मंद उजेडात झकास सरकतात. पण अख्खं पॅनल पांढरं केलं की वरच्या ओळी पांढऱ्या, मधल्या पिवळट आणि शेवटच्या चक्क नारिंगी दिसतात. तेवढ्यात बोर्ड रीसेट होतो आणि सिरीयल मॉनिटरवर 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' (म्हणजे व्होल्टेज फार पडलं) ही ओळ उमटते. ब्राइटनेस उतरवला तर रीसेट थांबतो, पण कोपऱ्यातला पहिला पिक्सेल मधूनच हिरवा चमकतो आणि त्याच्यामागचे पिक्सेलही थरथरतात.

शिवाय पॅनल पूर्ण काळं ठेवलं तरी बॅटरी उतरतच राहते. हे कसं काय?

आणि मुख्य दुखणं देवनागरीचं. हाताने बिटमॅप काढून फॉन्ट बनवायला घेतला, पण 'शक्ती'मधला क वेगळा, हलन्त वेगळा, त वेगळा असं सगळं सुटं सुटं पडतं.

जोडणी अशी: पॉवर बँक बोर्डाच्या यूएसबीत, बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवरून पॅनलला वीज, बोर्डाच्या जीपीआयओ ५ या पिनवरून डेटा थेट पॅनलमध्ये. ग्राउंड सामाईक आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आधी हिशेब करू. डब्ल्यूएस२८१२बीचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा असताना साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकी २०. २५६ पिक्सेल म्हणजे १५ अँपिअरच्या वर. पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवर २ ते ३ अँपिअर मिळाले तरी खूप झाले. डब्यावर वॅटचा मोठा आकडा छापलेला असतो तो बहुधा ९ किंवा १२ व्होल्टच्या जलद चार्जिंगचा, तो इथे कामाचा नाही.

नारिंगी रंगाचं कारणही हेच. पॅनलच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्या पातळ असतात, त्यामुळे शेवटाकडे जाता जाता व्होल्टेज पडतं. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी निळा मान टाकतो, मग हिरवा. लाल शेवटपर्यंत तग धरतो.

उपाय: पॅनलची वीज बोर्डातून नेऊ नका. यूएसबी आणि ५ व्होल्ट पिन यांच्यामध्ये बऱ्याच बोर्डांवर एक छोटा शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्याच्याकडून २ अँपिअरची अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. पॉवर बँकेपासूनच दोन फाटे काढा, जाड वायर पॅनलला, बारीक वायर बोर्डाला. पॅनलला वीज दोन्ही टोकांना द्या, तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. आणि फास्टएलईडीमध्ये व्होल्ट व मिलिअँपिअरची कमाल मर्यादा घालायची सोय आहे, ती १५०० वर लावून टाका. मग कोणी कितीही पांढरं मागितलं तरी लायब्ररीच उजेड कमी करते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पहिल्या पिक्सेलचं प्रकरण मात्र विजेचं नाही, डेटाचं आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बीला 'एक' ओळखायला डेटाशीटप्रमाणे पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ईएसपी३२ देतो ३.३. काठावर पास होतं, म्हणून कधी चालतं, कधी नाही. मध्ये ७४एएचसीटी१२५ (सिग्नल ५ व्होल्टवर चढवणारी चिप) टाका, त्याला ५ व्होल्ट द्या. 'एचसी' नको, 'एचसीटी' किंवा 'एएचसीटी'च घ्या. डेटा वायर आखूड ठेवा आणि पॅनलच्या तोंडाशी ३३० ओहमचा रेझिस्टर लावा.

चिप हाताशी नसेल तर एक जुगाड आहे. सुटा एक पिक्सेल पॅनलच्या आधी जोडा आणि त्याची वीज साध्या सिलिकॉन डायोडमधून द्या. त्याला ४.३ व्होल्ट मिळतात, ०.७ पट म्हणजे ३.०१, तिथे ३.३ आरामात चालतं. त्याच्यातून बाहेर पडणारा सिग्नल ४.३चा, तो पुढच्या पॅनलला पुरतो. दिसायला गबाळं, पण काम चोख.

प्रतिसाद ३

नुसतीच अक्षरं हवीत तर एवढा खटाटोप कशाला? मॅक्स७२१९ची (एलईडी चालवणारी चिप) ८×८ची मॉड्यूलं एकापुढे एक जोडा. एकच रंग, वीज कमी, स्कॅनिंग चिपच सांभाळते, उजेडाच्या १६ पायऱ्या.

प्रतिसाद ४

@प्रतिसाद ३, इंग्रजीसाठी अगदी बरोबर. पण ८ ओळींत देवनागरी बसत नाही हो. वर वेलांटी-मात्रा, मग शिरोरेखा, खाली उकार, मध्ये अक्षराच्या पोटाला उरणार काय? १६ ओळी असल्या की वर ४, शिरोरेखेला १, पोटाला ८, उकाराला ३ असं नीट वाटप होतं. मॅक्स७२१९ घ्यायचं तर दोन मजले चढवावे लागतील.

धागाकर्त्यासाठी: जोडाक्षरं ईएसपी३२ वर जुळवायच्या भानगडीत पडूच नका. युनिकोडमध्ये 'शक्ती' म्हणजे श, क, हलन्त, त, दीर्घ ईकार अशी रांग असते. तिच्यातून आकार घडवायला शेपिंग इंजिन (अक्षरं जुळवून जोडाक्षर बनवणारं सॉफ्टवेअर) लागतं. ते फोनच्या ब्राउझरमध्ये आयतं बसलेलं आहे, त्यालाच कामाला लावा. ईएसपी३२ ने एक साधं वेबपेज द्यायचं. त्यातल्या १६ पिक्सेल उंच कॅनव्हासवर (पेजवरची चित्र काढायची चौकट) ब्राउझर मजकूर रंगवेल. मग प्रत्येक पिक्सेल ठरावीक मर्यादेपेक्षा उजळ असेल तर १, नाहीतर ०. एका उभ्या स्तंभाला १६ बिट, म्हणजे २ बाइट. २०० स्तंभांचं वाक्य ४०० बाइटमध्ये मावलं! ईएसपी३२ ला फक्त स्तंभ सरकवायचे आहेत, भाषेशी त्याचा संबंधच नाही.

फॉन्ट ठळक आणि बिनकलाकुसरीचा घ्या, १२ पिक्सेलच्या आसपास. बारीक फॉन्टची शिरोरेखा मर्यादेखाली जाऊन गायब होते आणि सगळी अक्षरं डोक्यावरच्या रेघेशिवायची दिसतात.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वीज वेगळी केली, १५०० ची मर्यादा लावली, रीसेट बंद. एएचसीटी चिप टाकल्यावर तो हिरवा डोळा मिचकावणंही थांबलं. कॅनव्हासची कल्पना तर भन्नाट आहे, 'लक्ष्मी' पहिल्या फटक्यात धड उमटली. फक्त एक ओळ सोडून एक ओळ उलटी येत होती. पॅनल नागमोडी जोडलेलं निघालं, विषम ओळींचा क्रम उलटवल्यावर जमलं.

काळ्या पॅनलची वीजगळती तेवढी राहिली.

प्रतिसाद १

ती गळती नाही, प्रत्येक पिक्सेलमधल्या चिपचं पोट आहे. दिवा बंद असला तरी चिप १ मिलिअँपिअरच्या आसपास घेते. २५६ चे झाले पाव अँपिअर. अक्षरं दाखवताना तुमचा एकूण खर्च ६५० मिलिअँपिअर धरला तर ३.२५ वॅट. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॅट-तास. रूपांतरात काही जाणारच. तरी नऊ तासांच्या आसपास चालायला हरकत नाही.

फलक वापरात नसताना पॅनलची वीज पी-चॅनल मॉसफेटने (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) तोडा. त्याचा गेट, म्हणजे तो चालू-बंद करणारा पाय, थेट ईएसपी३२ ला जोडू नका. ३.३ व्होल्टने तो पूर्ण बंद होत नाही, मध्ये छोटा एनपीएन ट्रान्झिस्टर लागतो. वीज तोडण्याआधी डेटा पिन शून्यावर आणा, नाहीतर पॅनल डेटा वायरमधूनच चोरून वीज ओढतं. आणि पॅनल बंद असताना ईएसपी३२ लाही झोपवलंत तर भार इतका कमी होतो की काही पॉवर बँका 'फोन काढला' समजून स्वतःच बंद पडतात. तुमची तसं करत असेल तर ईएसपी३२ जागा ठेवा, किंवा सरळ बटण दाबून सुरू करायची सवय लावून घ्या.