पॉवर पॉप ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?

गुणगुण

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस एकच गाणं डोक्यातून जात नाहीये, चीप ट्रिकचं 'सरेंडर', १९७८ चं. मित्राने गाडीत लावलं होतं आणि पहिल्या मिनिटालाच मी विचारलं की हे कोण आहेत. गिटार एकदम रॉकची, जाडजूड, दणदणीत, पण चाल मात्र अशी की लहान पोरानेही एकदा ऐकून म्हणावी, आणि गाणं पुढे सरकतं तशी पट्टी वर चढत जाते त्यामुळे शेवटी आपणही गळा काढून ओरडावं असं होतं. मित्र म्हणाला याला पॉवर पॉप म्हणतात. मग शोधायला बसले तर कोणी म्हणतं बीटल्सपासून धरा, कोणी म्हणतं बीटल्स त्यात येतच नाहीत, आणि शंभर शंभर नावांच्या याद्या. त्या याद्या नकोत. तुम्ही स्वतः ज्या गाण्यापाशी थांबलात ते सांगा आणि का थांबलात ते सांगा.

अजून एक विचारायचंय. हे गाणं वाजतं आनंदी पण संपल्यावर मला एक हुरहुर लागून राहते. हे माझंच आहे की या प्रकारातच ते असतं?

सहातारा

हुरहुर! मी इतकी वर्षं हे संगीत ऐकतोय, लोकांना समजावून सांगायचा प्रयत्न करतोय, आणि हा शब्द मला सुचला नव्हता. हो, ते प्रकारातच आहे. माझ्या मते तेच या प्रकाराचं मर्म आहे, गिटारचा दणका नंतर.

थोडं मागचं सांगतो. पॉवर पॉप हा शब्द द हू या बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली एका मुलाखतीत आपल्याच गाण्यांसाठी वापरला. पण आज आपण ज्याला पॉवर पॉप म्हणतो ते खरं उभं राहिलं १९७० नंतर. बीटल्स फुटले होते, रॉकमध्ये लांबलचक सोलो आणि एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाणारं असा काळ, आणि अशा वेळी काही पोरांना तीन मिनिटांचं गाणंच हवं होतं. तीन मिनिटांत सगळं सांगून मोकळं व्हायचं.

सुरुवात रास्पबेरीजच्या 'गो ऑल द वे' ने करा. १९७२, क्लीव्हलंडचा बँड, एरिक कारमेन गायक. पहिले काही सेकंद गिटारची अशी रिफ, म्हणजे परत परत येणारी सुरावट, आहे की वाटतं आता कोणीतरी दार तोडून आत येणार, आणि मग अचानक सगळं मऊ होतं, कारमेन जवळजवळ कानात बोलल्यासारखा गायला लागतो. मग ध्रुवपदाला मागून सगळ्यांचे आवाज येतात. दणका आणि लाड एकाच गाण्यात, मला अख्खा पॉवर पॉप त्या एका वळणात दिसतो. अमेरिकेत ते पाचव्या नंबरपर्यंत गेलं होतं, म्हणजे हे फक्त आपल्यासारख्या चार वेड्यांचं संगीत नव्हतं.

ते पचलं की बिग स्टार. त्यावर मी लिहायला लागलो तर थांबणार नाही, कोणीतरी लिहीलच.

टेपरेकॉर्डर

लिहितो की.

मला मामेभावाने एक कॅसेट भरून दिली होती, वर पेन्सिलने फक्त 'मेम्फिस' लिहिलेलं, बँडचं नाव नाही गाण्यांची नावं नाहीत. कित्येक महिने मी ती ऐकत होतो आणि कोणाची आहे हे माहीतच नव्हतं. नंतर कळलं की एका बाजूला मेम्फिसच्याच बिग स्टारचा १९७२ चा 'नंबर वन रेकॉर्ड' होता आणि दुसऱ्या बाजूला १९७४ चा 'रेडिओ सिटी'. बँडचं नाव म्हणे स्टुडिओजवळच्या किराणा दुकानांच्या साखळीवरून घेतलं होतं. आणि पहिल्याच अल्बमचं नाव नंबर वन रेकॉर्ड! केवढी आशा असेल बघा. समीक्षकांनी डोक्यावर घेतला पण रेकॉर्ड दुकानांत पोचल्याच नाहीत, वितरणाचा सगळा घोळ झाला, आणि ज्यांना ऐकायची इच्छा होती त्यांनाही मिळेना.

यात मुख्य दोन माणसं होती, अ‍ॅलेक्स चिल्टन आणि क्रिस बेल. चिल्टन पोरसवदा असतानाच बॉक्स टॉप्स या बँडमधून 'द लेटर' गाऊन १९६७ साली अमेरिकेत एक नंबरला जाऊन आलेला, तेव्हा तो सोळा वर्षांचा. बेलला मात्र हाच बँड सर्वस्व होता. पहिला अल्बम चालला नाही आणि बेल बाहेर पडला. १९७८ मध्ये त्याची एक सिंगल आली, 'आय अ‍ॅम द कॉसमॉस', आणि त्याच वर्षी डिसेंबरात गाडीच्या अपघातात तो गेला, वय २७. स्वतःच्या नावाचा पूर्ण अल्बम त्याला बघायलाच मिळाला नाही, तो १९९२ मध्ये आला.

गुणगुण, ते गाणं तुम्ही रात्री हेडफोन लावून ऐका. त्यात तो आधी स्वतःची समजूत काढत असतो आणि एका ओळीत ती समजूत गळून पडते, गिटार मात्र तशीच लखलखत असते. तिथे आवाज किंचित चिरकतो. तो चिरकलेला आवाज तसाच ठेवलाय, मला त्यापुढे कितीतरी सफाईदार गायक फिके वाटतात.

बारातारी

वर हुरहुर लागण्याबद्दल विचारलंय त्यावर, मी स्वतः वाजवते म्हणून थोडं वाजवणाऱ्याच्या बाजूने.

एक युक्ती आहे जी बीटल्सपासून चालत आलीये. समजा गाणं सा ला धरून मेजरमध्ये चाललंय, सगळं प्रसन्न. मध्यमावरचा कॉर्ड लागतो, म्हणजे म ध सा. पुढच्या मात्रांना तोच कॉर्ड मायनर करायचा, बाकी सगळं तसंच, फक्त शुद्ध धैवताच्या जागी कोमल धैवत. आणि मग परत सा वर यायचं. एकच सूर अर्ध्याने खाली उतरतो पण ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. १९६५ च्या 'इन माय लाइफ' मध्ये हे स्वच्छ ऐकू येतं. गिटारवर नुसतं एक बोट हलवून बघा, शब्द नसतानाही काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटतं. पॉवर पॉपवाल्यांनी ही युक्ती मनापासून उचलली.

दुसरं म्हणजे बारा तारांची गिटार. ती जी किणकिण ऐकू येते ना, घुंगरांवर ऊन पडल्यासारखी, ती तिची. सहा जोड्या असतात, त्यातल्या चार जाड तारांच्या जोडीला एक सप्तक वरची बारीक तार असते, आणि उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात लावतात. माणसाच्या हाताने लावलेल्या दोन तारा तंतोतंत एक कधीच होत नाहीत, तो केसाएवढा फरक म्हणजेच ती झळाळी. मी पहिल्यांदा लावायला बसले तेव्हा सगळी संध्याकाळ त्यात गेली आणि शेवटी एक साधा कॉर्ड वाजवला तर डोळ्यांत पाणी आलं. आणि तुमच्या 'सरेंडर' चा जो अल्बम आहे ना, 'हेवन टुनाइट', त्यावर टॉम पीटरसनने बारा तारांचा बेस वाजवलाय, प्रत्येक जाड तारेला दोन बारीक तारांची सोबत. खालचा आवाज इतका भरलेला का वाटतो त्याचं एक कारण ते.

रात्रपाळी

सगळे बिग स्टार बिग स्टार करणार हे ठाऊक होतं. मला बिग स्टार मनापासून आवडतो, पण नवीन माणसाला पहिल्यांदा तेच दिलं की त्याला वाटतं पॉवर पॉप म्हणजे दुर्दैवी लोकांची कहाणी. अहो हे नाचायचं संगीत आहे. चीप ट्रिकच्याच 'अ‍ॅट बुडोकान' या लाइव्ह अल्बमपासून पुढे जा. 'आय वाँट यू टू वाँट मी' १९७७ च्या अल्बमवर जरा गुळगुळीत, हलकंफुलकं वाजवलंय आणि ते चाललं नाही. पुढच्या वर्षी टोकियोत तेच गाणं जोरात वाजवलं, समोर हजारो पोरी किंचाळतायत, गायकाचा शब्द पूर्ण होतो न होतो तोच गर्दी तो परत म्हणतेय, आणि ते रेकॉर्डिंग आधी फक्त जपानसाठी काढलं होतं! अमेरिकेत लोक बाहेरून मागवून घ्यायला लागले तेव्हा कुठे तिथे निघालं आणि १९७९ मध्ये गाणं सातव्या नंबरावर. दोन्ही लागोपाठ ऐका, पॉवर पॉपमधला 'पॉवर' म्हणजे काय ते तिथे कळतं.

आणि नॅक या बँडला लोक नाकं मुरडतात ते मला कधीच पटलं नाही. 'माय शरोना' १९७९ मध्ये सहा आठवडे एक नंबरला होतं, लोक ऐकून ऐकून कंटाळले हे मान्य, पण त्या गाण्यातला ड्रमचा ठेका आणि बेस एकमेकांना कसे पकडून ठेवतात ते एकदा नीट ऐका. शब्दांबद्दलची नाराजी मात्र मला कळते, ते आज ऐकताना मलाही खटकतात.

त्यावरूनच, मुलगा मुलीकडे बघून उसासे टाकतोय हे या प्रकारात फार झालंय, तर दुसरी बाजू पण ऐका. गो-गोजचा 'ब्यूटी अँड द बीट', १९८१, सगळ्या मुली, स्वतः लिहिणाऱ्या स्वतः वाजवणाऱ्या, आणि अल्बम अमेरिकेत एक नंबरला गेला. ब्लाँडीचं 'हँगिंग ऑन द टेलिफोन' माहीतच असेल, ते मूळ नर्व्ह्ज नावाच्या तीन जणांच्या बँडचं, १९७६. पुरुषाच्या तोंडी ते गाणं हट्टी वाटतं आणि ब्लाँडीची गायिका डेबी हॅरी गाते तेव्हा तेच शब्द हुकूम सोडल्यासारखे येतात. आत्ताचं हवं तर न्यूझीलंडचा बेथ्स, २०१८ चा 'फ्यूचर मी हेट्स मी'. गिटार धावतायत, मागचे आवाज हार्मनीत, आणि गाणारी स्वतःच्या मनाला जपून राहा म्हणून सांगतेय. तुमची हुरहुर तिथे शंभर टक्के सापडेल.

सहातारा

रात्रपाळी, दुर्दैवी लोकांची कहाणी हे मात्र मान्य नाही. बिग स्टारचंच 'सप्टेंबर गर्ल्स' ऐकून कोणाला दुर्दैव आठवतं? तीन मिनिटंही नाहीत, आणि त्यात उन्हाळा संपत आल्याची सगळी भावना आहे. बँगल्सनी १९८६ मध्ये ते गायलं, तेव्हा कोणी मागची कहाणी सांगत बसलं नव्हतं, गाणं चांगलं होतं म्हणून गायलं.

टेपरेकॉर्डर

मी कहाणी सांगितली कारण मला आधी गाणी मिळाली आणि कहाणी नंतर. रात्रपाळींचा मुद्दा मला त्या अर्थाने पटतो, क्रम तोच असावा. गुणगुण, माझा वरचा प्रतिसाद विसरून जा आणि आधी ऐका.

बॅडफिंगर या बँडचंही असंच होतं. 'विदाउट यू' लोकांना निल्सनचं वाटतं, नाहीतर मराया कॅरीचं. मूळ यांचं, १९७० चं, पीट हॅमचं कडवं आणि टॉम एव्हन्सचं ध्रुवपद, दोन अर्धवट गाणी जोडून केलेलं. दोघांनीही पुढे स्वतःचं आयुष्य संपवलं, हॅमने तर २८ व्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी. हे कळल्यापासून मला 'नो मॅटर व्हॉट' पूर्वीसारखं ऐकता येत नाही, आणि ते गाणं तसं ऐकता यायला हवं, इतकं मोकळं हसरं आहे ते.

मधलीओळ

उशिरा आले, वाचनखूण साठवली आहे. सगळे सत्तरीतच फिरतायत म्हणून नव्वदीची बाजू मांडते.

१९९१ मध्ये 'स्पिन' मासिकाने वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' नाही निवडला, स्कॉटलंडच्या टीनेज फॅनक्लबचा 'बँडवॅगनेस्क' निवडला. लोक अजून ती निवड चुकली म्हणतात. मला ती बरोबर वाटते, मनापासून. 'द कॉन्सेप्ट' हे पहिलंच गाणं ऐका, अर्धं झालं की गाणं संपतंय असं वाटतं आणि मग ते संथ होतं, शब्द थांबतात, नुसते आआ करणारे आवाज आणि एक गिटार, आणि ते संपूच नये असं वाटतं. त्याच वर्षीचा मॅथ्यू स्वीटचा 'गर्लफ्रेंड' पण घ्या, चाली गोड आणि वर गिटार ओरबाडल्यासारखी. जेलीफिश खूप जणांना प्रिय आहे, मला त्यात सजावट जास्त आणि माणूस कमी दिसतो, पण दोन अल्बम आहेत, ऐकून स्वतः ठरवा.

आणि फाउंटन्स ऑफ वेन हा बँड. त्यातल्या अ‍ॅडम श्लेसिंजरने १९९६ च्या 'दॅट थिंग यू डू!' सिनेमासाठी त्याच नावाचं गाणं लिहिलं. काम किती अवघड होतं विचार करा, १९६४ मधल्या एका काल्पनिक बँडचं एकच हिट गाणं, जे सिनेमात पुन्हा पुन्हा वाजणार आणि प्रेक्षकाला दर वेळी हवंहवंसं वाटलं पाहिजे. आणि वाटतं! १ एप्रिल २०२० ला कोविडने तो गेला, वय फक्त ५२. त्या दिवशी मी त्यांचा 'वेलकम इंटरस्टेट मॅनेजर्स' पूर्ण ऐकला, त्यातलं 'हॅकेनसॅक' लागलं तेव्हा स्वयंपाकघरातच खाली बसले होते.

गुणगुण

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर ऐकत होते म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला.

'गो ऑल द वे' चं ते वळण, सहातारा, मी गाडीत तीनदा मागे नेऊन ऐकलं. बुडोकान आणि त्याआधीचं रेकॉर्डिंग लागोपाठ लावलं, रात्रपाळी म्हणतात ते शंभर टक्के खरं, एकच गाणं आहे असं वाटतच नाही. बारातारी, भावाची गिटार घेऊन ते कोमल धैवताचं करून पाहिलं. आई बाजूच्या खोलीत होती, ती म्हणाली हे मघापासून काय उदास वाजवतेस, आणि मी तर सगळा मेजर वाजवत होते, तो एक कॉर्ड सोडून.

'आय अ‍ॅम द कॉसमॉस' काल रात्री ऐकलं. आवाज चिरकतो ती जागा सापडली. त्यावर अजून काही लिहिता येत नाहीये.

मधलीओळ, 'बँडवॅगनेस्क' आज लावणार आहे. त्यानंतर टीनेज फॅनक्लबचा कुठला?

मधलीओळ

'ग्रँड प्रिक्स', १९९५. त्यावर तिघे गाणी लिहिणारे आहेत, ब्लेक, लव्ह आणि मॅकगिन्ली, नावं न बघता ऐका आणि कुठलं कोणाचं ते ओळखून सांगा. 'स्पार्कीज ड्रीम' लागलं की आवाज वाढवा, ते लव्हचं, एवढं एक सांगून ठेवते.