उत्तर: उत्तर: बॅनरवरचा बाण (गुरुवारच्या आत!!)

मेधा:
मंडळी, विज्ञानाच्या स्टॉलचा आवर्तसारणीचा (मूलद्रव्यांच्या तक्त्याचा) बॅनर गुरुवारी छापायला जातोय. पोरांनी लिथियमपासून निऑनपर्यंत ‘आयनीभवन ऊर्जा (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) वाढते’ असा सरळसोट बाण ओढलाय. चूक आहे. बेरिलियम ९००, बोरॉन ८०१; नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४ (किलोज्यूल प्रति मोल). दोन ठिकाणी बाण खाली यायला हवा. फाइल कुणाकडे आहे?

शिरीष:
फाइल माझ्याकडे. बाण कल दाखवतो, पायऱ्या नाही. नकाशाच्या वेळीही शेवटच्या क्षणी असंच झालं होतं आणि जादा पैसे कुणी भरले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

नंदाताई:
शिरीष, ते मी भरले होते आणि अजून परत मिळालेले नाहीत. असो. मेधाचं बरोबर आहे. बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन २पी या उपकवचात (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायरीवर), म्हणजे २एसच्या वर बसतो, तो काढायला सोपा. पीमध्ये खोल्या तीनच, म्हणून ऑक्सिजनमध्ये पीचा चौथा इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी जोडीला बसवावा लागतो. दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून एक लवकर सुटतो. आम्हाला बारावीला ‘अर्धं भरलेलं म्हणून नायट्रोजन स्थिर’ एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. ही ढकलाढकली कुणी सांगितलीच नाही.

अनिरुद्ध:
मग फ्लोरिनवरची चांदणीही काढा. इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीन ३४९ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा सोडतो, फ्लोरिन ३२८च. फ्लोरिनचा अणू इतका लहान की आत आधीच दाटीवाटी.

मेधा:
अनिरुद्धदादा, चांदणी इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीची (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या ताकदीची) आहे. तिथे फ्लोरिनच पहिला. चांदणीला हात लावू नका, ती माझ्या मुलीने कापलीय.

सुलभाकाकू:
एका आईचा फोन आला होता, टेल्युरियम (अणुभार १२७.६) आयोडीनच्या (१२६.९) आधी छापलंय म्हणून. सांगितलं, बरोबर आहे, अणुअंकाप्रमाणे (प्रोटॉनच्या संख्येप्रमाणे) लावलंय. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हनेही गुणधर्म बघून टेल्युरियम आधीच ठेवलं होतं, फक्त त्याला वाटायचं वजन मोजण्यात चूक झालीय. १९१३ मध्ये मोस्ले या भौतिकशास्त्रज्ञाच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनी खरं कारण कळलं: क्रम वजनाचा नाही, अणुअंकाचा. आर्गॉन-पोटॅशियमचंही तेच.

शिरीष:
ठीक. बाण दोन ठिकाणी वाकवतो. पण यापुढे विज्ञानाच्या स्टॉलचं आधी शाळा समितीकडे, मग या मेल-यादीवर.

नंदाताई:
आणि नकाशाचे पैसे?

शिरीष:
खजिनदारांना विचारा.