भागीदार कंपनीच्या विमानातील प्रवासाचे मैल नेमके कोणत्या नियमाने मिळतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलीकडे युरोपात जाऊन आल्यापासून मैलांचा, म्हणजे विमान कंपन्या प्रवासाबद्दल सदस्याच्या खात्यात जमा करतात त्या गुणांचा, एक हिशेब अडकून पडला आहे. बेळगावातील ज्या एजंटांना विचारले, त्यांनी तिकीट काढून देण्यापलीकडचे आपल्याला ठाऊक नाही असे प्रामाणिकपणे सांगितले, म्हणून येथे विचारतो.

मी एका परदेशी विमान कंपनीच्या मैल-योजनेचा सदस्य आहे. (नाव मुद्दाम घेत नाही, मला नियम समजून घ्यायचा आहे.) बेंगळूरहून जाण्यायेण्याचे तिकीट त्याच कंपनीने दिले आणि उड्डाण क्रमांकही तिचेच होते, मात्र खाली बारीक अक्षरांत लिहिल्याप्रमाणे दोन्ही वेळी विमान तिच्या भागीदार कंपनीचे होते. जातानाच्या प्रवासाचे अंतराच्या २५ टक्के मैल जमा झाले. परतीचे मात्र काहीच आले नाही. खात्यात त्यापुढे ‘पात्र नाही’ एवढाच शेरा आहे. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूरपर्यंतचे तिकीट वेगळे होते, ते मी हिशेबात धरलेले नाही. (नावामुळे घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो, सांबऱ्याहून उडणारी स्टार एअर ही ‘स्टार अलायन्स’ या जागतिक युतीची सदस्य नाही, त्या युतीत भारतातून २०१४ पासून एअर इंडिया आहे.)

माझ्या वाचनाप्रमाणे तिकीट कोणी दिले, उड्डाण क्रमांक कोणाचा आणि विमान प्रत्यक्ष कोणी चालवले, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक योजना त्यांतल्या वेगवेगळ्या गोष्टीला महत्त्व देते. उदाहरणार्थ, युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीच्या मायलेजप्लस योजनेत तिकीट क्रमांक ०१६ ने सुरू होत असेल, म्हणजे तिकीट युनायटेडचेच असेल, तर मैल भाड्याच्या रकमेवर मोजतात. तिकीट भागीदार कंपनीचे असेल तर अंतर आणि बुकिंग वर्ग (भाड्याचा प्रकार दाखवणारे इंग्रजी अक्षर) यांवर. माझ्या योजनेच्या पानावर एका परिच्छेदात ‘उड्डाण क्रमांकानुसार’ आणि भागीदारांच्या तक्त्याखाली ‘विमान चालवणाऱ्या कंपनीनुसार’ असे दोन्ही लिहिले आहे. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असणार, हे मला उमगत नाही.

खरी गोम बुकिंग वर्गाच्या अक्षरात असावी, असा माझा तर्क आहे. ई-तिकिटावर जाताना आणि येताना ‘के’ हेच अक्षर आहे. बोर्डिंग पास मी जपून ठेवले आहेत. त्यांपैकी जातानाच्या पासवर ‘एल’ आणि परतीच्या पासवर ‘टी’ छापले आहे. एका कंपनीच्या क्रमांकावर विकलेली जागा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेत तिच्या स्वतःच्या वर्गात नोंदली जाते, हे मला माहीत आहे. तक्त्यात भागीदाराच्या ‘एल’ला २५ टक्के आहेत, ‘टी’ला शून्य. पण मग प्रवाशाने एकच भाडे भरून विकत घेतलेला वर्ग कोणता मानायचा? चार हजार मैलांच्या प्रवासात हा फरक एक हजार मैलांचा होतो, आणि तिकीट घेताना हे दुसरे अक्षर कोठेही दाखवत नाहीत. मला हे गैर वाटते.

नावाचा घोळ असेल, असेही एकाने सुचवले. पासपोर्टप्रमाणे तिकिटावर माझे आणि वडिलांचे नाव एकत्र जोडून छापले आहे, तर सदस्य खात्यात वडिलांचे नाव नाही. परंतु जातानाचे मैल त्याच नावाने जमा झाले आहेत, त्यामुळे ही शंका मला पटत नाही.

योजनेचे लोक भागीदाराकडे बोट दाखवतात आणि भागीदार योजनेकडे. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, अशा सामायिक क्रमांकाच्या उड्डाणावर तिकिटावरचा वर्ग ग्राह्य धरायला लावून कोणाला मैल मिळाले आहेत का? मिळाले असल्यास अर्जासोबत ई-तिकिटाची प्रत पुरली, की भाड्याचे नियम दाखवणारी पावतीही जोडावी लागली? मागाहून मैल मागण्याची माझ्या योजनेची मुदत संपत आली आहे, त्यामुळे अर्धवट कागदांनिशी आताच अर्ज करून ठेवावा की पावती हाती येईपर्यंत थांबावे, हेही अनुभवी सदस्यांनी कळवावे.