मदत हवी आहे: पेमेंट लिंकवर चार्जबॅक आलाय, कार्ड मशीनचा खर्चही परवडत नाही (स्पेअर पार्टचं दुकान)

बेअरिंगवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट आणि हायड्रॉलिक फिटिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. निम्मं गिऱ्हाईक फाउंड्री आणि मशीनशॉपवालं, बाकीचे ट्रॅक्टर-जेसीबीचे मिस्त्री आणि थोड्या बाहेरगावच्या ऑर्डरी.

इंदूरच्या एका पार्टीने व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी केली. २२२१६ आणि त्याच मालिकेतले स्फेरिकल रोलर बेअरिंग हवे होते. नंबर, क्लिअरन्स सगळं अचूक सांगितलं, त्यामुळे माणूस धंद्यातलाच वाटला. जीएसटी क्रमांक दिला, तो पोर्टलवर तपासला, चालू होता. बिल ८६,००० च्या आसपास. पैसे भरताना म्हणाला, "भाऊ बाहेर आहे, तो त्याच्या कार्डावरून भरेल, लिंक पाठवा." पैसे जमा झाले, बँकेत सेटलमेंट आलं, मगच माल ट्रान्सपोर्टला टाकला. गोदाम पोच, कारण तोच म्हणाला की गाडी पाठवून उचलतो.

आता पेमेंट कंपनीचा चार्जबॅकचा (कार्डधारकाच्या तक्रारीवरून पैसे परत घेण्याचा) मेल आलाय: कार्डधारक म्हणतो हा व्यवहार माझा नाही, कार्ड परदेशात दिलेलं आहे, कागदपत्रं पाठवा. तेवढी रक्कम आमच्या पुढच्या सेटलमेंटमधून अडकवूनही ठेवली. जीएसटी क्रमांकाच्या फर्मला फोन केला तर त्यांना काहीच माहीत नाही. त्यांचा क्रमांक दुसऱ्याच कोणीतरी वापरलाय. पार्टीचा फोन बंद.

दुसरी गोष्ट खर्चाची. आमचा क्रेडिट कार्डाचा दर २ टक्क्यांच्या वर आहे, कंपनीच्या नावाच्या कार्डांना त्याहून जास्त. ४०,००० च्या बिलावर २ टक्क्यांनी ८०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी १४४, म्हणजे ९४४ गेले. बेअरिंगमध्ये सुटतात आठ-दहा टक्के. चार हजारांतले साडेनऊशे मशीनने नेले तर उधारी, भाडं, पगार कशातून भागवायचं? शिवाय मशीनचं भाडं आहेच. जुन्या गिऱ्हाइकाला "कार्ड नको" म्हणायला जीभ रेटत नाही.

हा चार्जबॅक लढून जिंकता येतो का? यापुढे लांबच्या ऑर्डरीचे पैसे कसे घ्यावेत? आणि कार्डाचा खर्च कमी करायला खरोखर काही जागा आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

कृष्णाकाठ

बँकेच्या मर्चंट विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं स्पष्ट उत्तर देतो. या एका केसमध्ये जिंकण्याची शक्यता कमी आहे. कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

भारतातल्या बँकेने दिलेल्या कार्डावर ऑनलाइन पैसे भरायचे तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुसरी पडताळणी लागते, बहुतेक वेळा ओटीपी. ती झालेली असेल तर "हा व्यवहार मी केला नाही" या तक्रारीची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. परदेशात दिलेल्या कार्डाला हा नियम लागू नाही. कार्डावरचे आकडे आणि मागचा सीव्हीव्ही एवढ्यावर व्यवहार पार पडू शकतो, आणि चोरीचं कार्ड निघालं की नुकसान दुकानदाराच्या अंगावर येतं. व्हिसाच्या भाषेत याला १०.४ म्हणतात, मास्टरकार्डमध्ये ४८३७. मेलमध्ये यातला आकडा असणारच, बघा.

यात बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) दाखवलं तर माल गेला एवढंच सिद्ध होतं. माल *कार्डधारकाकडे* गेला हे सिद्ध होत नाही, आणि वाद तोच आहे. त्याच कार्डाचे जुने, विनातक्रार व्यवहार तुमच्याकडे असते आणि तेच डिव्हाइस किंवा तोच पत्ता जुळला असता तर बाजू भक्कम झाली असती. पहिल्याच ऑर्डरीत ते कुठून येणार?

तरीही उत्तर जरूर द्या, मुदतीच्या आत द्या. बिल, बिल्टी, ई-वे बिल, व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण संभाषण, आणि पेमेंट कंपनीकडे व्यवहाराचा आयपी पत्ता व ओटीपी पडताळणी झाली की नाही याची नोंद लेखी मागा. पडताळणी झाल्याचं निघालं तर चित्रच पालटेल. न झाल्याचं निघालं तर लवादापर्यंत (कार्ड कंपनीच्या अंतिम निवाड्यापर्यंत) ओढू नका, तिथलं हरणाऱ्याचं शुल्क शेकडो डॉलरमध्ये असतं.

आणि आजच्या आज १९३० वर फोन किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. ट्रान्सपोर्टच्या इंदूर गोदामात माल उचलणाऱ्याची सही, मोबाइल, गाडीचा नंबर नोंदलेला असतो. ते रजिस्टर जुनं व्हायच्या आत मिळवा.

नानापेठी

दादा, वाईट वाटलं वाचून. पुण्यात नाना पेठेत आमचं टू-व्हीलरच्या पार्टचं होलसेल आहे, असे फोन आम्हालाही येतात. एक धडधडीत खूण सांगतो: खरा गॅरेजवाला किंवा कारखानदार दरासाठी घासाघीस करतो. हे लोक करत नाहीत. दर सांगितला की "ठीक आहे, लिंक पाठवा". माल पण असा मागतात जो कुठेही लगेच खपतो. चालू नंबरची बेअरिंग, बॅटऱ्या, इंजिन ऑइलचे बॉक्स. एखाद्या जुन्या मॉडेलचा गिअर कोणी चोरीच्या कार्डावर मागवत नाही.

आम्ही केलं ते असं. पेमेंट कंपनीच्या डॅशबोर्डवरून परदेशी कार्डं बंद करून घेतली, मेल टाकला की करून देतात. आमचं एकही गिऱ्हाईक परदेशी कार्ड वापरत नाही, मग तो दरवाजा उघडा ठेवायचाच कशाला? बाहेरगावच्या नव्या पार्टीला लिंक देतच नाही. चालू खात्यावर एनईएफटी किंवा आरटीजीएस, तेही ज्या फर्मच्या नावाने बिल त्याच फर्मच्या खात्यातून. दोन्ही सेवा आता चोवीस तास चालतात, त्यामुळे "बँक बंद आहे" हे कारण राहिलं नाही. खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव जुळलं नाही तर माल हलत नाही.

जीएसटी क्रमांक चालू आहे एवढं बघून भागत नाही. पोर्टलवर फर्मचा पत्ता दिसतो. त्याच पत्त्यावर दरवाजा पोच करा, गोदाम पोच नको. तुमच्या केसमध्ये एवढ्या एका गोष्टीवर तो माणूस पळाला असता.

काउंटरचं पण सांगतो. "कार्ड घासा आणि रोख द्या, दोन टक्के ठेवा" म्हणणारे येतात. त्यांना हात जोडून बाहेर काढा. माल न विकता कार्ड घासणं बँकेच्या कराराविरुद्ध आहे, मशीन तर जातंच, पुढे दुसरी बँकही उभं करत नाही.

हिशेबनीस

मी सीए आहे, व्यापारी अशिलांची कामं करते. खर्चाच्या भागावर लिहिते, कारण तिथे बहुतेकांचे पैसे नुसते दुर्लक्षामुळे जातात.

तुमच्या ९४४ मधले १४४ हा खर्च नाहीच. तुम्ही नियमित योजनेत असाल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. अट एकच: बँकेकडे किंवा पेमेंट कंपनीकडे तुमचा जीएसटी क्रमांक नोंदलेला हवा, म्हणजे ते बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवर आपोआप बनणाऱ्या खरेदीच्या यादीत) उमटेल. मशीन मालकाच्या वैयक्तिक नावावर घेतलेलं असतं, क्रमांक दिलेलाच नसतो, आणि क्रेडिट वर्षानुवर्षं वाया जातं. मशीनच्या भाड्यावरचा जीएसटीही तसाच मिळतो. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्यांना) मात्र यातलं काही मिळत नाही.

आता दर. डेबिट कार्डाला रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. आधीच्या वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर ०.४० टक्के आणि जास्तीत जास्त २०० रुपये, त्यावर असेल तर ०.९० टक्के आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून शून्य. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे दर ठरतो तो तुमच्या आणि बँकेच्या बोलण्यावर. गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि रक्कम चार भागांत वाटा: रुपे डेबिट, इतर डेबिट, साधं क्रेडिट, कंपनीचं क्रेडिट. रुपे डेबिटवर एक पैसाही कापलेला दिसला तर बँकेकडे लेखी परत मागा. पुष्कळ ठिकाणी सगळ्या कार्डांना एकच सरसकट दर लावलेला असतो, तो मोडून वेगवेगळा करून घ्या. दुसऱ्या बँकेचं कोटेशन हातात असेल तर चालू बँक लवकर ऐकते.

एक खाचखळगा: "यूपीआय फुकट" हे प्रत्येक स्कॅनला खरं नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून गिऱ्हाइकाने स्कॅन केलं तर लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत सूट आहे, मोठ्या रकमेवर शुल्क लागू शकतं. ते स्टेटमेंटमध्ये यूपीआयच्या रकान्यातच दडलेलं असतं.

गिऱ्हाइकाकडून वर दोन टक्के मागू नका. डेबिट कार्डावर ते रिझर्व्ह बँकेने स्पष्ट मना केलंय, आणि क्रेडिट कार्डाबाबत तुमच्या करारातही बहुधा तसं कलम असेल. त्याऐवजी तुमच्या दरपत्रकातच यूपीआय, एनईएफटीवाल्याला सूट द्या. कार्डवाल्याला दंड आणि बँक ट्रान्सफरवाल्याला सूट यांत हिशेब सारखा दिसला तरी दुसऱ्याने कुठला नियम मोडत नाही आणि गिऱ्हाईकही नाराज होत नाही.

इंदूरच्या बिलाचं: ते त्या निरपराध फर्मच्या २बी मध्ये दिसत असणार. तुमच्या सीएला आधी ती नोंद दुरुस्त करायला सांगा, नाहीतर त्यांच्या मागे नोटीस लागायची. भरलेला जीएसटी मात्र परत मिळणं अवघड. बुडीत रकमेवरचा कर परत देण्याची सोय आपल्या जीएसटी कायद्यात नाही. आयकरात धंद्यातला तोटा म्हणून दाखवायला पोलीस तक्रारीची प्रत आणि पेमेंट कंपनीचा अंतिम मेल जपून ठेवा.

एडिसनकर

न्यू जर्सीत ट्रकच्या डीलरशिपमध्ये पार्ट काउंटरला आहे. इकडे फोनवरच्या ऑर्डरीत हा त्रास फार जुना आहे, कारण ओटीपीची सक्ती नाही. आम्ही कार्डाच्या बिलाचा पत्ता बँकेकडे जुळवून बघतो आणि पहिल्या ऑर्डरीला फक्त त्याच पत्त्यावर पाठवतो. गिऱ्हाईक दुकानात माल उचलायला आलं तर फोनवर आधी भरलेलं पेमेंट रद्द करून कार्ड समोर चिपवर पुन्हा घेतो. २०१५ च्या ऑक्टोबरपासून इकडे नियमच झाला: चिपचं कार्ड असून जो दुकानदार चिप वाचत नाही, नकली कार्डाचं नुकसान त्याच्याकडे. तुमच्याकडेही काउंटरवर पट्टी घासू देऊ नका, चिप आणि पिन घ्या.

बेअरिंगवाला

सर्वांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ काका, मेलमध्ये १०.४ च लिहिलंय. पडताळणीची नोंद मागितली, उत्तर आलं की झालेली नाही. १९३० वर तक्रार नोंदवली, पावती क्रमांक मिळाला. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्याने इंदूरहून डिलिव्हरी रजिस्टरच्या पानाचा फोटो मागवून दिला, त्यात टेम्पोचा नंबर आहे. तो तक्रारीला जोडला. परदेशी कार्डं बंद करून घेतली.

हिशेबनीस ताई, तुमचं खरं निघालं. मशीन वडिलांच्या नावावर, जीएसटी क्रमांक नोंदलेलाच नव्हता. आता अर्ज दिलाय. इंदूरच्या फर्मच्या मालकांशी बोललो, त्यांनीही तिकडे स्वतंत्र तक्रार करायचं कबूल केलंय.

एक शंका उरली. आता सगळं यूपीआय आणि एनईएफटीवर नेलं, तर कोणीतरी फसवणुकीचा पैसा आमच्या खात्यात टाकून माल नेला म्हणून खातं गोठवलं जाण्याची भीती. शेजारच्या वेल्डिंग सामानवाल्याचं तसंच झालं, पगाराच्या तारखेला खातं बंद.

कृष्णाकाठ

भीती रास्त आहे, हे प्रकार वाढलेत. कुठल्यातरी राज्यात कोणीतरी १९३० वर तक्रार करतो, पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला त्या सगळ्यांवर टाच येते. पोलिसांना मालमत्ता अडकवायचा अधिकार आधी दंड प्रक्रिया संहितेच्या १०२ कलमात होता, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ कलमात आहे.

म्हणून दोन चालू खाती ठेवा. एकावर फक्त येणं, रोज संध्याकाळी त्यातून गरजेपुरतं दुसऱ्यावर. पगार, वीजबिल, कंपन्यांची देणी दुसऱ्यातून. पैसा पुढे गेल्यावर दुसऱ्यावरही टाच येऊ शकते, त्यामुळे याने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. तसं झालंच तर बँकेकडून लेखी घ्या: तक्रारीचा पावती क्रमांक, पोलीस ठाणं, वादातली रक्कम. त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला बिल, ई-वे बिल, बिल्टी मेलने पाठवा आणि संपूर्ण खात्याऐवजी फक्त वादातली रक्कम रोखून ठेवावी अशी विनंती करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असाच आदेश दिला होता, वकिलाला त्याचा आधार घेता येईल.

"चुकून जास्त पैसे आले, या दुसऱ्या नंबरवर परत करा" असा फोन आला तर त्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका. परतावा ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात, बँकेमार्फत. आणि काउंटरवरच्या पोराला सांगून ठेवा, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट बघून माल द्यायचा नाही. साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या अ‍ॅपवर जमा दिसलं, तरच.

नानापेठी

क्यूआरचा स्टिकर रोज सकाळी दुकान उघडताना आपल्याच मोबाइलवरून स्कॅन करून नाव बघत जा, दादा. आमच्या गल्लीत रात्रीतून वर दुसरा चिकटवून गेले होते. आम्ही आता काचेच्या आतल्या बाजूने लावतो.